टॅलीप्राइममधली अनेक जीएसटी नोंदण्यांची सोय : जळगाव-बऱ्हाणपूर-सुरत करणाऱ्यांना कितपत पुरते?

जळगावात दुकान, बऱ्हाणपूरला गोदाम आणि सुरतेत एक गाळा, असा पीव्हीसी पाइपचा धंदा धरू. आयकरासाठी त्याची राज्यवार वाटणी लागत नाही. पॅन एक, विवरणपत्र एक, नफाही एकच. वाटणी लागते जीएसटीत. तिथे २७ (महाराष्ट्र), २३ (मध्य प्रदेश) आणि २४ (गुजरात) ने सुरू होणारे तीन नोंदणी क्रमांक म्हणजे तीन वेगळ्या व्यक्ती. स्वतःच्याच गोदामाला पाठवलेला माल तिथे पुरवठा ठरतो, आणि महाराष्ट्रातलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) गुजरातचा कर भरायला चालत नाही.

२०२३ च्या ३.० आवृत्ती येईपर्यंत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रत्येक क्रमांकाची वेगळी कंपनी उघडावी लागे आणि वर्षाअखेरीस तिन्ही वह्या जुळवत बसावं लागे. आता एकाच कंपनीत तिन्ही नोंदण्या बसतात. परवाना तोच, नोंदणीमागे जादा पैसे नाहीत. बिलं राज्यवार वेगळी ठेवण्याचं काम ही सोय चोख करते. कुठली रक्कम कुठल्या राज्याची, हे मात्र आपण सांगू तेच ती ऐकते.

व्हाउचर (व्यवहाराची नोंद) उघडल्यावर एफ-३ दाबून नोंदणी निवडायची. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण आधीची नोंदणी तशीच राहते आणि बऱ्हाणपूरचं बिल जळगावच्या नावावर फाटतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक नोंदणीला बिलक्रमांकाची वेगळी मालिका आणि वेगळं आद्याक्षर द्यावं. क्रमांक १६ अक्षरांच्या आत ठेवावा. बिलावर चुकीचं अक्षर उमटलं की चूक छापण्याआधीच नजरेत भरते.

शाखेला माल पाठवताना बरेच हिशेबनीस सवयीने स्टॉक जर्नल, म्हणजे फक्त साठा हलवल्याची नोंद, टाकतात. गोदामाचा साठा बरोबर दिसतो, पण जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात काहीच जात नाही आणि बऱ्हाणपूरला क्रेडिट मिळत नाही. योग्य रीत अशी : २७ मधून विक्री व्हाउचर, पार्टी म्हणून आपलंच २३ क्रमांकाचं खातं, आयजीएसटीसह (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा कर) टॅक्स इनव्हॉइस, मग २३ मध्ये त्याचंच खरेदी व्हाउचर. माल ५० हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल. यासाठी ‘शाखेला रवानगी’ आणि ‘शाखेकडून आवक’ अशी खाती वेगळी काढावीत, नेहमीच्या विक्री-खरेदीत मिसळू नयेत. किंमत कुठली लावायची? घेणाऱ्या शाखेला पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर जीएसटीच्या नियम २८ प्रमाणे इनव्हॉइसवरची किंमत मान्य होते. म्हणून खरेदीभाव लावणं सोयीचं. ८० रुपयांचा पाइप ९० ने पाठवला, तर बऱ्हाणपूरला पडून असलेल्या साठ्यात न कमावलेला १० रुपये नफा फुगून बसतो आणि तो मार्चअखेर हाताने काढावा लागतो.

ही रवानगी उलाढालीत मोजली जाते, हे विसरू नये. खरी विक्री साडेचार कोटी आणि शाखांना ६० लाखांचा माल, की पॅनवरची उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेली आणि पुढच्या आर्थिक वर्षापासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवून काढायचं बिल) लागू झालं.

सीमेवरच्या दुकानांसाठी सगळ्यात किचकट भाग गिऱ्हाइकाच्या पत्त्याचा. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात नि एक गुजरातेत आहे. तिथल्या गल्ल्यावर रोज हा प्रश्न उभा असणार. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला माल विकला तर बिलावर जो पत्ता लिहिला, तेच पुरवठ्याचं ठिकाण. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पुरतं. पत्ताच नसेल तर दुकानाचं राज्य. रावेरच्या दुकानातून बऱ्हाणपूरचा शेतकरी स्वतःच्या पिकअपमध्ये पाइप भरून घेऊन गेला आणि बिलावर मध्य प्रदेश लिहिलं, तर आयजीएसटी. टॅलीत मात्र अशी विक्री सर्रास ‘कॅश’ खात्यावर टाकतात. राज्याचा रकाना महाराष्ट्रच राहतो आणि सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीवरचा केंद्राचा नि राज्याचा कर) लागतो. व्हाउचरच्या पार्टी तपशिलात राज्य बदलण्याची जागा आहे, ती भरावी. १ लाखाच्या वरचं असं परराज्यातलं बिल जीएसटीआर-१ मध्ये स्वतंत्र दाखवायचं असतं, आणि कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्राच्या तक्ता ३.२ मध्ये राज्यवार बेरीज जाते. मध्य प्रदेशाला त्याचा वाटा मिळतो तो याच आकड्यांवरून. चूक झालीच तर योग्य कर नव्याने भरून चुकीचा परत मागता येतो. त्या योग्य करावर व्याज लागत नाही. पण पैसा तोवर अडकतो.

आता जिथे टॅली जवळपास हात वर करते तो भाग : सामाईक सेवांचा खर्च. सीएची फी, जाहिरात, सॉफ्टवेअरचं भाडं तिन्ही राज्यांसाठी असतं. १ एप्रिल २०२५ पासून अशा बाहेरून घेतलेल्या सेवांचं क्रेडिट इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आयएसडी, या वेगळ्या नोंदणीतून वाटणं बंधनकारक आहे. त्यामुळे जळगावात २७ चाच दुसरा क्रमांक घ्यावा लागतो आणि सीएला बिल त्या क्रमांकावर मागावं लागतं. वाटणी गेल्या वर्षाच्या राज्यवार उलाढालीच्या प्रमाणात.

समजा महाराष्ट्र दीड कोटी, मध्य प्रदेश ६० लाख, गुजरात ९० लाख. प्रमाण ५०, २० आणि ३० टक्के. ५० हजारांच्या फीवर १८ टक्क्यांनी ९ हजार कर, त्यात सीजीएसटी ४,५०० आणि एसजीएसटी ४,५००. महाराष्ट्राच्या वाट्याला दोन्ही २,२५०. मध्य प्रदेशाला १,८०० आणि गुजरातला २,७००, पण हे दोन्ही आयजीएसटी म्हणून. महाराष्ट्राच्या दीड कोटीत ४० लाखांची शाखा-रवानगी असेल तरी ती धरायचीच. वगळली तर महाराष्ट्राचं प्रमाण ४२ टक्क्यांवर येऊन वाटणी चुकते. हे गुणोत्तर एक्सेलमध्ये काढून नोंदी हाताने टाकाव्या लागतात. बिल ज्या महिन्यात आलं त्याच महिन्याची वाटणी पुढच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर जीएसटीआर-६ या आयएसडीच्या विवरणपत्रात. तीन दुकानांच्या माणसाला हा व्याप त्रासदायकच आहे, पण त्याचा दोष सॉफ्टवेअरला देता येत नाही. मालाच्या बिलांना आयएसडी लागत नाही. सुरतेच्या हॉटेलच्या बिलावरचा गुजरातचा एसजीएसटी मात्र २७ क्रमांक देऊन काही उपयोगाचा नाही. तिथे २४ चा क्रमांक द्यावा.

दुकानागणिक नफा हवा असेल तर पहिल्या दिवसापासून कॉस्ट सेंटर (नोंद कुठल्या दुकानाची ते सांगणारी खूण) लावावं. वर्षाअखेरीस मागे जाऊन लावणं म्हणजे भुसावळ यार्डात डबा शोधणं.

आयकराचं विवरणपत्र भरताना नफा एकच असला तरी तिन्ही क्रमांकांची उलाढाल वेगवेगळी लिहावी लागते. वरच्या उदाहरणात जीएसटीत ३ कोटी, वहीत विक्री २ कोटी ६० लाख. फरक ४० लाखांचा, आणि तो ‘शाखेला रवानगी’ खात्याशी रुपयागणिक जुळला पाहिजे. वार्षिक माहिती पत्रकात (एआयएस) आयकर विभागाला ३ कोटीच दिसत असतात, तेव्हा हा ताळा छापून फाइलला लावून ठेवावा.

एकाच राज्यात विकणाऱ्याने या सोयीच्या वाटेला जाऊ नये. कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला) तर परराज्यात माल विकताच येत नाही.