आठ महिने वापरल्यानंतर: कमी आवाजाचं कॅबिनेट

मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. रोज तीन-चार तास मायक्रोफोनसमोर बसायचं आणि त्याच खोलीत, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, कॉम्प्युटर. जुन्या कॉम्प्युटरची माझ्या कानांना सवय झाली होती, मायक्रोफोनला होणं शक्य नव्हतं. एका पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं पाठवली तेव्हा संपादन करणाऱ्या मुलाने विचारलं, "ताई, मागे टेबलफॅन चालू होता का?" टेबलफॅन बंद होता. नॉइज रिडक्शन लावलं की घरघर जाते हे खरं, पण तिच्याबरोबर आवाजातला श्वासही जातो. मराठीत तर हे लगेच कळतं. ‘ख’, ‘भ’, ‘ह’ यांतली हवा पातळ होते आणि ‘श’, ‘स’ पाण्याखालून आल्यासारखे लागतात. ते ऐकून मला झोप लागली नव्हती. म्हणून नवा कॉम्प्युटर जोडायचा ठरला तेव्हा प्रोसेसरच्याही आधी कॅबिनेट निवडायला घेतलं.

मी घेतलं ते मधल्या आकाराचं, पुढे भरीव दार असलेलं, आतून पत्र्यांना दाट थर लावलेलं. असं कॅबिनेट नवीन नाही. अँटेकचं पी१८० आलं ते २००५ मध्ये, आणि पुढे फ्रॅक्टल डिझाइनच्या डिफाइन मालिकेने हा प्रकार घरोघरी नेला. माझं यांपैकी नाही. कुठलं ते लिहीत नाही, कारण तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या या जातीच्या कुठल्याही कॅबिनेटमध्ये तुम्हाला तपासता येतील.

दिसण्याबद्दल एवढंच, की काळं, साधं, दिव्यांशिवाय. वायरी मागून न्यायला जागा चांगली आहे. जोडणी एका दुपारी झाली.

निवडताना मी सगळ्यात आधी मोजमाप बघितलं, आणि ते बघाच. प्रोसेसर थंड ठेवायला मला नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा कूलर हवा होता. त्याची उंची १६५ मिलिमीटर. कितीतरी कॅबिनेटं तिथेच बाद झाली. मोठा कूलर बसत नसेल तर मग आतून कितीही फोम चिकटवलेला असो, लहान कूलरचा पंखा जोरात फिरणार आणि तुम्ही तो ऐकणार. दुसरी अट, पुढे १४० मिलिमीटरचे निदान दोन पंखे बसावेत.

हा पंख्याचा हिशेब एकदा नीट समजला की निवड फार सोपी होते. पंख्याचा वेग निम्मा केला की त्यातून जाणारी हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो, म्हणजे १५ हा फार मोठा फरक झाला. आता त्याच वेगाचा आणखी एक तसाच पंखा शेजारी लावा. हवा पुन्हा पहिल्याइतकी, आणि आवाज वाढला तो फक्त ३ डेसिबलने. एक पंखा १२०० फेऱ्यांनी पळवण्यापेक्षा दोन पंखे ६०० फेऱ्यांनी रमतगमत फिरवणं कितीतरी शांत पडतं. माझ्याकडे पुढे दोन, मागे एक, असे १४०चे तीन पंखे आहेत आणि रेकॉर्डिंगच्या वेळी ते मिनिटाला ५००-५५० फेऱ्यांवर असतात. मायक्रोफोन बंद करून, खिडकी लावून, कान कॅबिनेटजवळ नेला तर हवेची बारीक सळसळ ऐकू येते. खुर्चीवरून येत नाही.

इथेच माझी या कॅबिनेटबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. पुढचं दार भरीव आहे, त्यामुळे पंख्यांना हवा मिळते ती दाराच्या दोन्ही कडांना असलेल्या बोटभर फटींतून. नुसतं रेकॉर्डिंग आणि लिखाण चालू असताना याने काही बिघडत नाही. पण संपूर्ण प्रकरणाचं शेवटचं प्रोसेसिंग लावलं, किंवा भाचा येऊन गेम खेळायला बसला, की आत ऊब साठते, पंखे ९००च्या वर जातात आणि दार असल्याचा फायदा संपतो. दार उघडं ठेवलं की तेच काम पंखे ७००च्या आसपास राहून करतात. मी दोन्ही अवस्थांत एकाच जागी मायक्रोफोन ठेवून रेकॉर्ड करून बघितलं. बंद दारामागचे ९०० आणि उघड्या दाराचे ७००, यांत उघडं दार शांत निघालं. सूर मात्र वेगळा होता. उघड्या दारातून थोडी मोकळी, उंच ‘फूऽऽ’ येते, बंद दारातून दबलेली, जाडसर. तुमचा कॉम्प्युटर बहुतेक वेळ निवांत असेल आणि अधूनमधूनच दमत असेल, तर भरीव दार चालेल. दिवसभर ग्राफिक्स कार्ड तापवायचं असेल तर जाळीचा दर्शनी भाग आणि मोठे पंखे घ्या. आवाज अडवण्यापेक्षा तो मुळात होऊच न देणं स्वस्तात पडतं, आणि कॅबिनेटचं खरं काम हेच आहे असं आता माझं मत झालं आहे.

आता एका घुमण्याबद्दल, ज्याने माझे तीन आठवडे खाल्ले.

सगळं जोडून झालं, पंखे गप्प झाले, आणि मग एक खोल ‘हूंऽऽ’ ऐकू यायला लागलं. आधी पंख्यांच्या आवाजाखाली ते दडलेलं असावं. गंमत अशी की ते एकसारखं नव्हतं. काही सेकंद चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. मी पंखे एकेक करून थांबवले. काही फरक नाही. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरला, तेव्हा आवाज जवळजवळ गेला. हात काढला की परत.

मग रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड केलं आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या सुराचा आवाज किती आहे याचा आलेख, काढला. १२० हर्ट्झवर एक सुळका उभा होता. विजेची गुणगुण असती तर तो ५० किंवा १०० वर आला असता. १२० कुठून? माझ्या दोन्ही हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या आहेत. ७२०० भागिले ६०, बरोबर १२०. प्रत्येक डिस्क सेकंदाला १२० वेळा आपल्या पिंजऱ्याला बारीक धक्का देत होती, पिंजरा तो धक्का पत्र्याला देत होता, आणि एवढा मोठा पत्रा डफासारखा घुमत होता. दोन्ही डिस्कचे वेग कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे त्यांचे धक्के कधी एकत्र पडायचे, कधी एकमेकांना मारायचे. ते चढणं-उतरणं याचंच.

पत्र्यांच्या आत लावलेल्या थराचा इथे काय उपयोग झाला? माझ्या कॅबिनेटमध्ये वरच्या झाकणाला मऊ फोम आहे आणि बाजूच्या पत्र्यांना डांबरासारखं जड शीट. फोम उंच सुरांचे आवाज शोषतो, पण १२० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास २.९ मीटर असते. त्या लाटेला पाऊण सेंटिमीटर फोमने काही होत नाही. जड शीट पत्र्याची थरथर कमी करतं, तेवढा उपयोग झालाच, पण माझ्या कॅबिनेटमध्ये ते पत्र्याच्या मधल्या भागातच होतं, कडांपर्यंत पोचलं नव्हतं. आणि मुळात धक्का हवेतून येत नव्हता, स्क्रूमधून येत होता. डिस्क ज्यांत बसवतात त्या ट्रेंना रबराच्या चकत्या होत्या, पण त्या इतक्या कडक की मी स्क्रू पूर्ण आवळल्यावर त्यांचं रबरपण राहिलं नाही. अर्धा फेरा सैल केले, थोडा फरक पडला. शेवटी एक डिस्क पिंजऱ्यातून काढली, रुंद इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या रिकाम्या खणात ताणून बांधल्या आणि डिस्क त्यांवर अधांतरी ठेवली. चालू असताना कॉम्प्युटर हलवायचा नाही हे त्यात आलंच. दुसरी डिस्क बाहेर काढून ठेवली, ती आता आठवड्यातून एकदा बॅकअपपुरती जोडते. रोजचं काम एसएसडीवर, म्हणजे काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर. त्यानंतर पुन्हा स्पेक्ट्रम काढला तेव्हा १२०चा सुळका शोधावा लागला.

म्हणून कॅबिनेट प्रत्यक्ष बघायला मिळालं तर बाजूचा पत्रा काढून बोटाच्या पेराने ठोका. ‘टण्ण’ वाजला तर फोम असो की नसो, तो घुमणार. ‘थप्’ असा मेलेला आवाज आला तर शीट कडांपर्यंत आहे. डिस्क वापरणार असाल तर रबर दाबून बघा. नख रुतायला हवं.

पंख्यांचा वेग कसा ठेवायचा, यावर मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, बराच वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. सुरुवातीला ब्राउझर नुसता उघडला तरी कूलर ‘व्हूऽम’ करून पळायचा आणि दोन सेकंदांत शांत व्हायचा. प्रोसेसरचं तापमान क्षणात वीसेक अंशांनी उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. एवढा मोठा धातूचा कूलर मात्र इतक्या लवकर तापत नाही, त्यामुळे त्या धावण्याला काही अर्थ नसतो. मी वेग वाढवण्याआधी पंख्याला काही सेकंद थांबायला सांगितलं, आणि ६० अंशांपर्यंत वेगरेषा सपाट, म्हणजे पंख्याचा वेग एकच, ठेवली. कान एकसुरी आवाज विसरून जातो, बदलणारा विसरत नाही. हे मायक्रोफोनलाही लागू आहे, कारण एकसारखी सळसळ संपादनात सहज झाकता येते, वाक्याच्या मधोमध चढलेला पंखा झाकता येत नाही.

बंद कॅबिनेटचा खरा फायदा मला दिसला तो ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत. कार्डाचे पंखे कमी तापमानाला थांबतात, ते छानच, पण भाच्याच्या गेमच्या मेन्यूत फ्रेम्स (पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रं) अमर्याद सुटल्या की कार्डाच्या कॉइल्स किर्र्र करायला लागतात, रातकिड्यासारख्या. हा आवाज उंच सुराचा, आणि उंच सुरांना फोम आणि भरीव पत्रा दोन्ही अडवतात. पत्रा काढला तर कानात टोचतो, लावला तर जवळपास नाहीसा होतो. फ्रेम्सना मर्यादा घातल्यावर उरलेलाही गेला.

धुळीकडे याल तर, पुढची गाळणी दारामागे चुंबकाने बसते, एका हाताने निघते, आणि मी ती तीन आठवड्यांनी झटकते. एसएमपीएसखालची (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याखालची) गाळणी मात्र मागच्या बाजूने ओढायची आहे. त्यासाठी पूर्ण कॅबिनेट टेबलाखालून बाहेर काढावं लागतं, म्हणून ती मी चार महिने काढलीच नाही. काढली तेव्हा तिच्यावर करड्या रंगाची घोंगडी साचली होती. त्या आधीच्या महिन्यात एसएमपीएसचा पंखा, जो एरवी बंदच असतो, संध्याकाळी फिरायला लागला होता आणि मी त्याचं कारण भलतीकडेच शोधत होते. गाळणी धुऊन, पूर्ण वाळवून लावली, पंखा पुन्हा गप्प. कमी वेगाच्या पंख्यांवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला चोंदलेली गाळणी लवकर नडते. गाळणी पुढून निघते का, हे विकत घेण्याआधी बघा. गालिच्यावर ठेवणार असाल तर पायांची उंचीही बघा. एसएमपीएस खालून हवा ओढतो, आणि पाय बुटके असतील तर गालिचा त्याचं तोंड बंद करतो.

सहाव्या महिन्यात वरच्या झाकणाचा फोम एका कोपऱ्यातून सुटून लोंबायला लागला. ऊब वर जाते, गोंद तिथेच मऊ पडतो. खाली मागचा पंखा आहे, पात्यांत अडकला असता तर महागात पडलं असतं. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं नाही. मी जुना गोंद खरवडून काढला आणि उष्णता सोसणाऱ्या दुहेरी टेपने फोम परत बसवला.

आणि पुढच्या दाराची चुंबकी कडी. दार बंद होताना ‘टक्’ वाजते, तेवढं चालतं, पण दोनेक महिन्यांनी ती किंचित सैल झाली आणि पंखे साधारण ८०० फेऱ्यांवर आले की दार चौकटीवर किणकिणायला लागलं. इतकी शांतता मिळवल्यावर तेवढी किणकिणही रेकॉर्डिंगमध्ये लख्ख उमटते. दाराच्या आतल्या कडेला फेल्टची अरुंद पट्टी चिकटवली, फटी मोकळ्या ठेवून. पाच महिने झाले, पट्टी अजून जागेवर आहे.