मे महिन्यात पद्मिनी की डिझायर?

एक जुनी प्रीमियर पद्मिनी, दुसरी मारुतीची २०२४ची नवी डिझायर. लांबीला दोघी चार मीटरच्या आत, दोघींना चार दारं आणि मागे डिक्की. साम्य इथंच संपतं. मे महिन्याच्या दुपारी, पारा ४४-४५वर असताना, जळगावहून धुळ्याकडे निघून पाळधीला चहासाठी दहा मिनिटं थांबा. किल्ली फिरवली की डिझायर चालू होते. पद्मिनी नुसती घरघरते.

प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. तिचा पेट्रोल पंप थेट इंजिनाच्या अंगावर बसवलेला. गाडी बंद केली की पंखाही थांबतो, इंजिनाची आच पंपात उतरते आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपातला हलता पडदा, म्हणजे डायफ्राम, मग वाफच दाबत बसतो; पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला थेंब मिळत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. अशा वेळी चोक ओढू नका, सेल्फ मारून बॅटरीही उतरवू नका. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाका, १५-२० मिनिटं थांबा. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावायचा नाही. कायमचा इलाज करायचा तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब घ्या आणि मध्ये पत्र्याचा आडोसा करा. काही जण टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवतात, तोही चालतो, पण कमी दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई त्या दाबापुढे टिकत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल सांडतं. तापलेल्या इंजिनावर सांडलेलं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

डिझायरचा पंप टाकीतच, पेट्रोलात बुडालेला. लाइनीत कायम तीनएक बार दाब, त्यामुळे पेट्रोल सहजी उकळत नाही. इथं आधुनिक गाडी निर्विवाद जिंकते.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं पद्मिनीचं दुखणं वाढवलं आहे. जुनी रबरी नळी आणि डायफ्राम फुगतात, टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सुटून कार्बोरेटरचे जेट, म्हणजे बारीक भोकं, चोंदतात. नळ्या आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणारे घाला, टाकीनंतर एक फिल्टर बसवा आणि सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांनंतर फ्लोट चेंबर उघडून पुसा. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी नकोच.

कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना पद्मिनी पहिल्या वळणाआधीच दुसऱ्या गिअरमध्ये हवी. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते तापले की पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. डिझायरला पुढे डिस्क आहे, मागे ड्रमच. १,१९७ सीसीच्या तीन सिलिंडरांवर पाच माणसं आणि एसी घेऊन चढताना तिलाही गिअर उतरवावा लागतो. चौथ्यात रेटत बसू नका.

‘जुन्या गाडीचा पत्रा जाड’ हे पालुपद खूप ऐकू येतं. पत्रा वाकला नाही की धक्का माणसाला बसतो. डिझायरला सहा एअरबॅग आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे आहेत. पद्मिनीला यातलं काहीच नाही.

म्हणून डिझायर खान्देशात बिनकाळजीची, असंही नाही. कापसाच्या हंगामात एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत तंतू आणि धूळ बसते, एसी गार करत नाही आणि लोक उगाच गॅस भरून घेतात. आधी जाळी कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर लावला तर पाती वाकतात. जमिनीपासून उंची १६३ मिलिमीटर, तीही रिकाम्या गाडीची. शेतरस्त्याच्या चाकोरीत बंपरखालचं प्लॅस्टिक निघून येतं.

दुरुस्तीत पद्मिनी अजून वरचढ. ठिणगीसाठीचे इग्निशनचे पॉइंट घासून ०.४ मिलिमीटरच्या आसपास गॅप ठेवली, इग्निशनचा कंडेन्सर बदलला की रस्त्यावरच गाडी चालू. डिझायरचा सेन्सर गेला तर स्कॅनरवाला गाठावा लागतो.

रोजच्या जळगाव-धुळे फेरीला डिझायरच. पद्मिनी दिवाळी ते शिवरात्र, सकाळच्या गारव्यात चालवायची. विकत घेताना रंगाला भुलू नका. पायाखालचं मॅट उचला, जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो आत गेला तर पत्रा गंजलेला आहे, इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी व्यवहार सोडा.