‘रेस्क्यू’ म्हणून दिली, निघाली ब्रीडरने टाकलेली: छोटं कुत्रं दत्तक घेताना झालेली फसवणूक

पेट शॉपच्या काचेआडचं पिल्लू विकत घ्यायचं नाही, यावर आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. चर्चा व्हायची ती आकारावर. जागा लहान, सासूबाई काठी घेऊन चालतात, त्यामुळे अंगावर उडी मारली तरी कुणी पडणार नाही असं छोटं आणि जरा समजत्या वयाचं कुत्रं हवं होतं. नेमकी इथेच गोम आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यात मोठी, मध्यम बांध्याची कुत्री भरपूर असतात. छोटं कुत्रं आलं की त्याच्यासाठी आधीपासून नावं लागलेली असतात. आम्हीही दोन-तीन ठिकाणी नावं देऊन ठेवली होती. मागणी मोठी आणि कुत्री मोजकी, म्हणजे भामट्यांना मोकळं रान.

‘छोटी मादी, दोन वर्षांची, मालकाने सोडून दिलेली, चांगलं घर हवं’ अशी जाहिरात दिसली. फोटोत पांढरी, केसाळ, पाच-सहा किलोची कुत्री. मागे निळी चौकड्यांची फरशी. फोन केला तर पलीकडचा माणूस अगदी गोड बोलणारा. ‘ताई, मी विकत नाही हो, मला या धंद्याची चीड आहे. नसबंदी, लसी आणि इतके दिवस सांभाळल्याचा खर्च तेवढा द्या, तोच पुढच्या जिवाला लागेल.’ यात खटकण्यासारखं काही नव्हतं. खऱ्या संस्थाही दत्तक देताना काही रक्कम घेतात, आणि ती घ्यावीच, कारण नसबंदी आणि लसी फुकट होत नाहीत. या लोकांचं कसब असं, की खऱ्या संस्थांची रीत ते जशीच्या तशी उचलतात.

पण एक गोष्ट त्याने उचलली नव्हती. ज्या निवाऱ्यांत आम्ही नाव दिलं होतं, तिथल्या बायकांनी अक्षरशः उलटतपासणी घेतली होती. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, दिवसा घरी कोण असतं, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं, गावाला गेलात तर कोण बघणार. एकीने तर घर बघायला येणार म्हणून सांगितलं. तेव्हा मनात आलं होतं, मुलगी द्यायची असल्यासारखं काय विचारतात! या गृहस्थाने विचारलं एवढंच, ‘कधी नेताय? दुसरेही विचारतायत.’

‘आम्हीच तिथे येतो, बाकीची कुत्रीही बघू’ म्हटल्यावर उत्तर तयार होतं. तिथे सध्या पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराची, साथ आहे, तुमच्या चपलांबरोबर घरी जाईल, मी गाडीतून घेऊन येतो. हे उत्तर खोटं असलं तरी मूर्खपणाचं नाही. पार्व्होचा विषाणू चपला-कपड्यांवरून खरंच पसरतो आणि जमिनीत कित्येक महिने टिकतो. ज्याला हे माहीत आहे, त्याला वाटतं माणूस जाणकार आहे आणि काळजीने बोलतोय. ज्याला माहीत नाही, तो घाबरून ऐकतो. दोन्हीकडून काम फत्ते.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्याने तिला माझ्या हातात दिलं. पोटावरचे केस बाजूला करून नाभीच्या खालची उभी, पांढरी रेघ दाखवली. ‘ही बघा ताई, नसबंदीची खूण.’ लसींची पुस्तिका दिली, त्यात चिकटवलेली स्टिकरं, सह्या, शिक्के. ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप? ‘नाही बसवली, ते खर्चिक असतं.’ पैसे रोखच हवे होते, पावती ‘संस्थेकडून पाठवतो’. कुत्रीचं नाव ‘परी’ असं सांगितलं. त्या नावाला तिने तेव्हा कान हलवला नाही, नंतरही नाही.

पुढचं सगळं मी जरा सविस्तर सांगते, कारण कुत्र्याचं अंग खोटं बोलत नाही. फक्त ते वाचता आलं पाहिजे.

घरी आल्यावर ती उंबऱ्यापाशी अडली. जिने तर तिला माहीतच नव्हते; पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवून थरथरत उभी राहायची. खोलीच्या मधोमध एका ठरावीक छोट्या गोलात फिरत राहायची, एका पिंजऱ्याएवढ्या. पंजांची बोटं फाकलेली, नखं वाढून वळलेली, तळवे मऊ, म्हणजे मातीवर किंवा रस्त्यावर फारसं चाललेलंच नाही. जिथे झोपायची तिथेच लघवी करायची. हे सहसा निरोगी कुत्र्याच्या स्वभावात नसतं. लहान पिल्लंसुद्धा चालायला लागली की झोपायच्या जागेपासून लांब जातात. ज्यांना पिंजऱ्यात लांब जायला जागाच मिळत नाही, त्यांची ही सवय मोडते. आणि तिची आचळं. लोंबणारी, ताणलेली. दोन वर्षांच्या, एकदाही न व्यालेल्या मादीची अशी नसतात.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी आधी तोंड उघडून पाहिलं. दाढांवर तपकिरी कीट, हिरड्या मागे सरलेल्या, दोन दात हलत होते. छोट्या जातींमध्ये दातांचे आजार लवकर होतात हे खरं, पण इतके? मग टॉर्च डोळ्यांत धरला. बुबुळामागे निळसर धुरकट झाक दिसली. हा मोतीबिंदू नव्हे, वयानुसार भिंग घट्ट होत जातं त्याची खूण, आणि ती साधारण सहा-सात वर्षांनंतर दिसायला लागते. पिल्लाचं वय दातांवरून बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, कारण सात महिन्यांपर्यंत सगळे पक्के दात आलेले असतात. त्यापुढे सगळा अंदाज, आणि या अंदाजाचाच फायदा घेऊन सात वर्षांची मादी दोन वर्षांची म्हणून खपवली जाते.

मग त्यांनी मानेवरून स्कॅनर फिरवला आणि तो वाजला. चिप होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या नळीत नाव-पत्ता नसतो, फक्त 15 आकडी क्रमांक असतो. माहिती असते ती नोंदणी ठेवणाऱ्यांकडे. डॉक्टरांनी तिथे विचारणा केली. नोंद एका ब्रीडरच्या, म्हणजे विकण्यासाठी पिल्लांची पैदास करणाऱ्याच्या, नावावर निघाली. नाव आम्हाला सांगितलं नाही, ते बरोबरच, पण जन्मतारखेनुसार वय सात वर्षांच्या वर होतं.

पुस्तिका तर डॉक्टरांनी हसतच परत दिली. वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी, पण पेन एक, अक्षर एक. स्टिकरवर लशीचा बॅच क्रमांक छापलेला असतो; तिन्ही स्टिकरांवर तोच. एकाच बॅचची लस तीन वेगवेगळ्या वर्षी टोचली, यावर कोण विश्वास ठेवेल? शिक्क्यावर दवाखान्याचं नाव होतं, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. तेव्हाच सगळ्या लसी नव्याने सुरू केल्या.

नसबंदीबद्दल मात्र नुसत्या पोटावरच्या रेघेवरून कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. एका रक्तचाचणीतून ते कळतं. अंडाशयात तयार होणारं एएमएच हे संप्रेरक रक्तात सापडलं तर अंडाशय जागेवर आहे. ती करायचं ठरत होतं, तोवर चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले. चिमी (हे आमचं नाव, याला ती ओ देते) माजावर आली होती.

त्या माणसाला फोन लावला. अजून उचलत होता. ‘ताई, होतं असं कधीकधी. ऑपरेशनमध्ये अंडाशयाचा तुकडा राहून जातो.’ हेही खोटं म्हणता येत नाही, असं खरंच होतं. त्याचं सगळं खोटं असंच कुठल्यातरी खऱ्या गोष्टीच्या आधाराने उभं होतं. त्यानंतर मात्र नंबर लागला नाही.

माजावर असताना त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर दोनेक महिने थांबून नसबंदी करायला सांगतात. तेवढ्यात धोक्याने गाठलं. माज संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याची भीती असते, आणि वय वाढेल तशी ती वाढते. याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत नसबंदी न झालेल्या कुत्रींपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला दहा वर्षांच्या आत हा आजार झालेला आढळला होता. चिमी भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, मग उलट्या. बाहेरून स्राव काहीच नाही, म्हणजे तोंड बंद असलेला, जास्त घातक प्रकार. सोनोग्राफी झाली आणि त्याच रात्री ऑपरेशन.

पोट उघडल्यावर दोन्ही अंडाशयं आणि अख्खं गर्भाशय जागेवर होतं. कुठलाही ‘तुकडा’ वगैरे नाही. गर्भाशयावर जुने टाके आणि आतड्याला चिकटलेले पदर होते. पोटावरची ती पांढरी रेघ सिझेरियनची होती, आणि डॉक्टरांच्या मते एकापेक्षा जास्त वेळा तिथूनच कापलेलं. म्हणजे मादी पिल्लं काढून काढून थकली, प्रत्येक बाळंतपणाला ऑपरेशन लागायला लागलं, तशी ती धंद्याला परवडेनाशी झाली. ब्रीडरला नको झालेलं हे ओझं ‘रेस्क्यू’ म्हणून आमच्या गळ्यात आलं, वर त्याचे पैसेही आम्हीच मोजले. तिची पिल्लं बहुधा त्याच काचेआड विकली गेली असतील, जिथून आम्हाला घ्यायचं नव्हतं. सगळ्यात जास्त संताप याचा आहे.

हा काही एकट्या माणसाचा डाव नाही. कॅलिफोर्नियात 2019 पासून कायदा आला, की दुकानांनी कुत्री विकायची तर निवाऱ्यातून किंवा रेस्क्यू संस्थेकडून आलेलीच विकायची. लगेच कागदावरच्या रेस्क्यू संस्था निघाल्या आणि ब्रीडरची पिल्लं त्यांच्या नावावर फिरवून दुकानात यायला लागली. शेवटी 2021 पासून दुकानांतली विक्रीच बंद करावी लागली. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानांनी किंवा दलालांनी विकण्यावर बंदी आहे. त्या कायद्याला जिचं नाव आहे ती लूसी चिमीसारखीच, पिल्लांसाठी वापरून सोडलेली स्पॅनियल होती. पिंजऱ्यात राहून तिच्या पाठीला बाक आला होता. फ्रान्सनेही 1 जानेवारी 2024 पासून दुकानांतली कुत्र्या-मांजरांची विक्री थांबवली. दुकान बंद झालं की धंदा दत्तकाच्या दाराने आत येतो, त्यामुळे तिकडे लक्ष असू द्या.

छोटं कुत्रं शोधणाऱ्यांनी माझ्या मते सर्वांत आधी हे बघावं, की समोरचा तुम्हाला किती प्रश्न विचारतो. ज्याने त्या जिवाला खरंच वाचवलंय, तो तुमच्यावर संशय घेणारच. तो तुम्हाला कुत्रं राहतं ती जागा किंवा ज्या घरात तात्पुरतं ठेवलंय ते घर बघू देतो. जमलं नाही तर आम्हाला परत द्या, दुसरीकडे सोडू नका, असं करारात लिहून घेतो. साथीचं कारण खरं असू शकतं, तेव्हा लगेच संशय घेऊ नका. ‘मग साथ ओसरल्यावर येतो, तोवर व्हिडिओ कॉलवर आत्ता दाखवा’ म्हणा. घाई त्याला असेल, कुत्र्याला नाही.

पैसे देण्याआधी कुत्रं तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे न्यायचं. स्कॅनर फिरवायला मिनिटही लागत नाही. चिप निघाली तर तिच्यावर कुणाचं नाव आहे आणि ते बदलून मिळणार का, हे तिथेच मिटवा. नसबंदी झाली म्हणत असतील तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह दाखला मागा आणि त्या दवाखान्यात स्वतः फोन करा. फोन नंबर मात्र पुस्तिकेवरचा घेऊ नका, वेगळा शोधून काढा. पैसे संस्थेच्या खात्यात, पावती जागेवर.

जाहिरातीतला फोटो इंटरनेटच्या फोटो-शोधात टाकून तो आणखी कुठे आलाय ते बघा. हे मी नंतर केलं आणि ती निळी चौकड्यांची फरशी पुन्हा भेटली, विक्रीला असलेल्या पिल्लांच्या फोटोत. ‘टीकप’ म्हणून विकत होते. टीकप नावाचा आकार कुठलाही मान्यवर केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, मानत नाही. तो शब्द दिसला की समजायचं गाठ विक्रेत्याशी आहे. अशा अतिलहान पिल्लांची साखर पटकन उतरते आणि गुडघ्याच्या वाट्या निसटतात, ते दुखणं जन्मभर चालतं.

आणि वयाचा हट्ट सोडता आला तर सोडा. सात-आठ वर्षांची छोटी कुत्री निवाऱ्यात तुलनेने लवकर मिळतात, कारण सगळ्यांना पिल्लू हवं असतं. छोट्या जाती बारा-चौदा वर्षं सहज जगतात. चिमीचं खरं वय पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी आम्ही तिला आणलंच असतं, फक्त दात आणि गर्भाशय वेळेवर तपासून घेतलं असतं.

आम्ही तक्रार दिली आहे. चिपचा क्रमांक, पुस्तिकेचे फोटो, डॉक्टरांचा ऑपरेशनचा अहवाल, संदेशांचे स्क्रीनशॉट सगळं जोडलं. चिपची नोंद आता आमच्या नावावर आहे. त्या माणसाची जाहिरात दोनदा काढली गेली आणि दोन्ही वेळा नव्या नंबरने परत आली. शेवटची पाहिली तेव्हा त्यात तपकिरी रंगाची छोटी मादी होती, ‘दोन वर्षांची, नसबंदी झालेली’. तुम्हाला अशी जाहिरात दिसली तर फोन करण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण तक्रारीला तोच लागतो आणि जाहिरात चार दिवसांत गायब होते.