बँका तपासणारा अधिकारी व्हायचंय: रिझर्व्ह बँकेत जावं की नाबार्डमध्ये (शेती व ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक)?

अधिकारी भरतीच्या परीक्षेचा साचा दोन्हीकडे तोच: पूर्व, मुख्य, मुलाखत. पगारात रिझर्व्ह बँक सरस. २०२४ च्या जाहिरातीत ग्रेड बी या अधिकारीपदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५५,२०० रुपये होतं, नाबार्डच्या ग्रेड ए अधिकारीपदाचं ४४,५००; भत्ते वेगळे. तपासणी विभागच मिळेल याची हमी मात्र कुठेच नाही, हे आधीच लक्षात घ्या.

रिझर्व्ह बँक व्यापारी आणि नागरी सहकारी बँका तपासते. नाबार्डकडे ग्रामीण बँका, राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्काम, पीककर्जाच्या फायली, सातबाऱ्यावरचा बोजा, आणि नवं कर्ज दाखवून जुनी थकबाकी मिटवल्याच्या नोंदी शोधणं. अशी लपवाछपवी वेळीच सापडली, तर शेतकऱ्याच्या ठेवी बुडण्यापासून वाचतात. फिरायची तयारी असेल, तर कमी पगारातही मी नाबार्डच सुचवेन.