रिलेची डबी रिकामी निघाली, जुन्या फियाटला फॉग लाइट लावताना 9,800 रुपये गेले

नागपुरात ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी हे एकदा वाचून घ्या. सांगायला लाज वाटते, कारण माझी सगळी नोकरी बँकेत गेली, लोकांच्या सह्या तपासण्यात, आणि स्वतः मात्र वहीच्या फाटक्या पानावरच्या बिलावर पैसे मोजून आलो.

गाडी बाबांची, 1970 ची फियाट 1100 डी, स्टिअरिंगवर गिअरवाली. चालते मस्त पण हेडलाइट म्हणजे देवघरातली समई, आणि समोरून आजकालचे ते पांढरे एलईडीवाले आले की रस्ता दिसतच नाही. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जायचं होतं, रात्री परतायचं, म्हणून म्हटलं समोर दोन फॉग लाइट लावून घेऊ.

दुकानाचं नाव लिहीत नाही, एरियाही नाही. पोरगा तिशीतला, बोलायला गोड, आल्या आल्या काका बसा, काका चहा घ्या, मग तर्री पोहे मागवले. मीही खाल्ले. ते पोहे मला केवढ्याला पडले ते पुढे कळेलच. मी नेटवर वाचून गेलो होतो त्यामुळे त्याला स्पष्ट सांगितलं की 55 वॅटचे दोन हॅलोजन, रिलेवर (म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचमधून थोडाच करंट जातो आणि लाइटचा मोठा करंट रिले चालू-बंद करतो), वेगळा फ्यूज, वायर तांब्याचीच. तो सगळ्याला हो हो करत होता. मग त्याने गाडी स्टार्ट केली आणि डॅशबोर्डवरचा लाल लाइट दाखवला, "काका हे पाहा, डायनॅमो मेला तुमचा, चार्जिंगच नाही करून राहिला. याच्यावर फॉग लाइट लावाल तर रस्त्यात बंद पडाल."

इथे मी पहिल्यांदा फसलो. या गाड्यांना बॅटरी चार्ज करायला आजकालच्यासारखा अल्टरनेटर नसतो, डायनॅमो असतो, आणि डायनॅमो हळू फिरताना जवळपास काहीच देत नाही, म्हणून गाडी उभी असताना स्लो आयडलवर तो लाल लाइट मिणमिणतो, जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की विझतो. पठ्ठ्याने अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावलाच नाही आणि मलाही सुचलं नाही. रिवाइंडिंगचे, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायचे, 3,000 सांगितले, मी दिले. दुसऱ्या दिवशी डायनॅमो काळाकुळकुळीत चमकत होता, मी म्हटलं वा, काय काम केलं!

लाइटचं बिल 6,800 झालं, त्यात दोन रिले, तांब्याची वायर, फ्यूज, मजुरी सगळं वेगवेगळं लिहिलेलं. रात्री लावून पाहिले तर दिवसासारखा उजेड, मी जाम खूश.

रामटेकला जाताना उजेडच होता त्यामुळे काही झालं नाही. येताना मनसर सोडलं, फॉग लाइट लावले, आणि कन्हानच्या अलीकडे बायको म्हणाली, "अहो, काहीतरी जळून राहिलं." डॅशबोर्डखालून धूर. गाडी बाजूला घेतली, लाइट बंद केले तरी वास येतच होता, बॉनेट उघडून पान्याने बॅटरीचं टर्मिनल काढलं तेव्हा थांबलं. पान्याची पिशवी डिक्कीत असते म्हणून, नाहीतर बाबांची गाडी तिथेच गेली असती. मोबाइलच्या उजेडात फॉग लाइटच्या वायरी कापल्या, टोकांना टेप गुंडाळला आणि समईच्या उजेडात 40 च्या स्पीडने घरी आलो.

सकाळी महालातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं, सत्तरीच्या पुढचे आहेत, नजर मात्र घारीची. त्यांनी रिले काढला, झाकण उचकटलं आणि माझ्या हातात दिलं. आत काहीच नाही! कॉइल नाही, पॉइंट नाही, नुसती प्लास्टिकची डबी आणि खाली चार पिना. म्हणाले, "भाऊ, हा रिले नाही, रिलेचा फोटो होय." पिनांना वायरचे तुकडे शोभेला खोचलेले, आणि मागे टेपखाली स्विचची वायर सरळ लाइटच्या वायरला पिळलेली. वायर ब्लेडने खरवडली तर वरून तांबूस, आतून पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वेगळा फ्यूज कुठेच नाही, गाडीच्या जुन्या 8 अँपिअरच्या फ्यूजलाच सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. आणि बल्बच्या बुडावर लिहिलेलं 100.

तो दिवसासारखा उजेड 100 वॅटचा होता. आता हिशेब बघा, 55 चे दोन म्हणजे 110 वॅट, 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर. 100 चे दोन म्हणजे जवळजवळ 17. त्या काळच्या लुकास सी 40 डायनॅमोचाच आकडा 22 अँपिअर आहे आणि माझा काही त्याहून पहिलवान नाही, त्यातून हेडलाइटला सात-आठ जातात, इग्निशन कॉइलला तीनेक. म्हणजे 55 वर जेमतेम पुरतं, तेही गाडी पळत असताना. आणि हे 17 अँपिअर पन्नास वर्षं जुन्या स्विचमधून जाणार, फ्यूज उडायची सोयही काढून टाकलेली, मग धूर नाही तर काय अगरबत्ती निघणार?

डायनॅमोचं तर विचारूच नका. काकांनी काळा रंग खरवडला, आत तेच जुने झिजलेले ब्रश, रिवाइंडिंगचा पत्ता नाही. तसाच परत चढवून रेस दिली आणि बॅटरीवर मीटर लावला, 14.2 व्होल्ट. म्हणजे आधीही तो ठणठणीतच होता, मी 3,000 रंगाचे दिले.

रिकाम्या डब्या घेऊन दुकानात गेलो तर हाच पोरगा म्हणतो, "काका गाडीच जुनी आहे, वायरिंग सडलेली आहे, मी काय करू?" बिलावर ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर, भांडायचं कशाच्या जोरावर? शेजारचा पानठेलेवाला फक्त हसला, त्याला सगळं माहीत असावं.

नंतर काकांनी नीट केलं. 2.5 एमएमची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर 15 अँपिअरचा फ्यूज, दोन खरे रिले, 55 चे बल्ब, आणि जळालेला स्विच जुन्या बाजारातून. सगळे मिळून 3,100, मजुरीसकट. रिले ओळखायची त्यांनी शिकवलेली युक्ती सोपी आहे, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायची, फॉग लाइटचा स्विच दाबायचा आणि बॉनेटखाली कान द्यायचा, टक असा आवाज आला पाहिजे, प्रत्येक रिलेचा एक. माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून तो आवाज नव्हताच, पण ऐकायचं असतं हे कोणाला माहीत.

मागच्या आठवड्यात त्या दुकानावरून स्कूटरने चाललो होतो, बाहेर एक पांढरी अँबेसिडर बॉनेट उघडून उभी आणि तिचा मालक स्टुलावर बसून तर्री पोहे खात होता. मी गाडी वळवली, त्याच्या जवळ जाऊन म्हटलं, साहेब, पैसे द्यायच्या आधी रिलेचं झाकण उघडून पाहा. तो माझ्याकडे असा पाहत राहिला जसा मीच त्याला काही विकायला आलोय.