रिटायरमेंटनंतर बाईकवर फिरताना कॅमेरा कुठला: मोबाईल, सुपरझूम की मिररलेस?

रिटायर झालेल्या बाईकवाल्यांचा पहिला प्रश्न नेहमी मेगापिक्सेलचा असतो. तो सोडा हो. गाडी साइड स्टँडला लावल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती खटपट आहे ते बघा, कारण खटपट जास्त असेल तर दोन दिवसांनी तुम्ही फोटोसाठी थांबायचंच बंद करता. आणि मुंबईहून निघताना एक्स्प्रेसवेवर आपल्या बाईकला एन्ट्री नाही, अटल सेतूवरही नाही, म्हणजे जुन्या हायवेने थांबत थांबतच जायचंय (माझ्या मते ते बरंच आहे).

मोबाईल आहेच, वेगळा खर्च नाही. माळशेजचे धबधबे, गल्लीबोळ, ग्रुप फोटो, मस्त येतात. पण तो हँडलला लावून चालवत असाल तर जपा, मोठ्या इंजिनच्या बाईकच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आणि ऑटोफोकस बिघडू शकतं असं खुद्द अ‍ॅपलनेच सांगितलंय. दुसरी अडचण आपल्या वयाची. उन्हात स्क्रीन दिसत नाही, जवळचा चष्मा सॅकमध्ये तळाशी, हातात ग्लोव्ह्ज, आणि मग अंदाजाने फोटो.

इथे व्ह्यूफाइंडरवाला, म्हणजे डोळा लावून बघायची छोटी खिडकी असलेला कॅमेरा जिंकतो. त्याच्या बाजूला डायऑप्टरचं छोटं चाक असतं, ते फिरवून आपल्या नंबरला जुळवलं की जवळच्या चष्म्याशिवाय सगळं स्वच्छ दिसतं. फक्त फुल फेस हेल्मेट काढावं लागतं, फ्लिप-अप असेल तर सोपं.

आता सुपरझूम, उदाहरणार्थ निकॉनचा पी९५०. एकाच लेन्समध्ये २४ ते २००० एमएमइतका झूम (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), लेन्स बदलायची भानगड नाही, आत धूळ जायचा प्रश्न जवळपास मिटला. हिवाळ्यात भिगवणला होडीतून फ्लेमिंगो टिपायचे असतील तर नवशिक्याला याच्यासारखं सुख नाही. वजन साधारण एक किलो. पण सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) बारीक आहे, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात पूर्ण झूम केला की फोटो दाणेदार येतो, आणि भर दुपारी पाण्यावरची गरम हवा थरथरत असते तेव्हा २००० एमएमचा काही उपयोग नाही, कॅमेरा कितीही महाग असू दे.

मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) कॅननचा आर५० धरा. बॉडी ३७५ ग्रॅम, १८-४५ (जवळची) आणि ५५-२१० (लांबची) एमएम या दोन्ही लेन्स धरून आठशे ग्रॅमच्या आत, म्हणजे सुपरझूमपेक्षा हलकाच! सेन्सरचं क्षेत्रफळ पी९५० च्या अकरा-बारा पट, त्यामुळे देवळाच्या गाभाऱ्यात, संध्याकाळी, माणसांचे चेहरे टिपताना फरक लगेच कळतो. पक्षी मात्र लांबच राहतो. आणि घाटात बाजूने ट्रक धुरळा उडवत जात असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ बसवून घेणं, तेव्हा निघतानाच एक लेन्स लावा आणि दिवसभर तिच्यावरच भागवा.

पावसाला यातला एकही कॅमेरा पुरा पडत नाही, दोन्ही वेदर सील्ड (पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून बंदिस्त) नाहीत. मुंबईत तर घरीसुद्धा धोका आहे, जून ते सप्टेंबर कपाटात चामडी केसमध्ये ठेवलात तर लेन्सला बुरशी धरलीच समजा. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा ह्युमिडिटी मीटर, काटा ४०-५० टक्क्यांवर. प्रवासात कॅमेरा टॉप बॉक्समध्ये टाकू नका, पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळून ठेवा, गाडीची थरथर अंगात जिरते.

पक्ष्यांचंच वेड असेल तर पी९५०, बाकी खरंच शिकायचं असेल तर माझं मत आर५० ला, फक्त १८-४५ सकट. ५५-२१० नंतर सेकंडहँड बघा. फोर्टला बोरा बाजारात चक्कर मारा, लेन्समधून टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही (म्हणजे बुरशी) दिसलं तर कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या. आणि जाताना रायडिंगचे ग्लोव्ह्ज घेऊन जा, ते घालून बटणं दाबून बघायची, दुकानदार हसला तर हसू दे.