डेबेझियम आणि एस-थ्री सिंक कनेक्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गोदामांच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधील नोंदी अहवालांसाठी ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत पार्केट (रकान्यांनुसार डेटा साठवणाऱ्या) फाइलींच्या रूपात उतरवण्याचे काम गेले आठ महिने डेबेझियम (डेटाबेसमधील बदल टिपणारे साधन), काफ्का कनेक्ट (ते बदल पुढे नेणारी चौकट) आणि एस-थ्री सिंक कनेक्टर (ते एस-थ्रीत लिहिणारा भाग) ही साखळी करत आहे. पूर्वी रात्री चालणारी एक स्क्रिप्ट शेवटच्या बदलाची वेळ पाहून नोंदी उचलत असे. त्यात डिलीट झालेली नोंद कधीच सापडत नसे आणि दिवसात तीनदा बदललेल्या नोंदीची फक्त शेवटची अवस्था हाती लागे. डेबेझियम पोस्टग्रेसचा वॉल (राइट-अहेड लॉग), म्हणजे बदलांची बखरच वाचत असल्यामुळे ही दोन्ही दुखणी संपली.

मांडणी अवघड नाही. ‘वॉल लेव्हल’ ही पोस्टग्रेसची सेटिंग ‘लॉजिकल’ करून डेटाबेस एकदा रीस्टार्ट करावा लागतो, आणि वॉलमधील बदल बाहेर देणारे ‘पीजीआउटपुट’ हे प्लगइन आवृत्ती 10 पासून पोस्टग्रेसमध्येच असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. आमचा खरा वेळ गेला तो स्लॉटवर आणि फाइल बंद होण्याच्या वेळेवर.

रेप्लिकेशन स्लॉट म्हणजे पोस्टग्रेसने दिलेले वचन असते: वाचणाऱ्याने पोच देईपर्यंत वॉल टाकून दिला जाणार नाही. चाचणीच्या सर्व्हरवर आम्ही शांत असलेला डेटाबेस जोडला होता, तर त्याच सर्व्हरवरील दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरपूर लिखाण चालू होते. आमच्या तक्त्यांत काहीच बदलत नसल्याने पोच पुढे सरकेना, वॉल साचत गेला आणि डिस्क भरली. दोष आमचाच होता, कारण हार्टबीट, म्हणजे डेबेझियमने ठरावीक वेळाने पाठवायचा संकेत, मुळात बंद असतो आणि तो आम्ही सुरू केलाच नव्हता. आता दर मिनिटाला एका छोट्या तक्त्यात एक नोंद लिहिली जाते, त्यामुळे पोच सरकत राहते. आवृत्ती 13 पासून स्लॉटसाठी राखायच्या वॉलवर मर्यादाही घालता येते. मात्र ती ओलांडली तर स्लॉट निकामी होतो आणि सगळा स्नॅपशॉट, म्हणजे तक्त्यांची पूर्ण प्रत, पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून आम्ही मर्यादा सैल ठेवली आहे आणि अडलेल्या वॉलच्या आकारावर इशारा लावला आहे.

सिंक कनेक्टरमध्ये एक फाइल केव्हा भरली हे ठरवणारा ‘फ्लश साइझ’ हा आकडा मेगाबाइटचा नसून नोंदींचा असतो, हे नीट न वाचल्यामुळे आम्ही तो 1000 ठेवला आणि बकेटमध्ये (एस-थ्रीतील साठवणीच्या कप्प्यात) चिमुकल्या फाइलींचा पाऊस पडला. त्याने चौकशी (क्वेरी) मंदावते आणि प्रत्येक फाइल लिहिण्याच्या विनंतीचे पैसेही पडतात. आकडा वाढवल्यावर उलटी अडचण आली. आम्ही नोंदीची स्वतःची वेळ प्रमाण धरली होती, आणि त्या रीतीत ‘रोटेट इंटरव्हल’, म्हणजे फाइल उघडी ठेवण्याचा ठरवलेला काळ, उलटून गेला तरी पुढची नोंद येईपर्यंत चालू फाइल बंद होत नाही. शनिवारी संध्याकाळी आलेली मालाची परत-नोंद सोमवारी सकाळपर्यंत बकेटमध्ये दिसली नाही, ती याच कारणाने. घड्याळाप्रमाणे फाइल बंद करणारी ‘रोटेट शेड्यूल इंटरव्हल’ ही सेटिंग त्यावर उपाय आहे, पण ती लावली की प्रत्येक नोंद नेमकी एकदाच लिहिली जाण्याची हमी उरत नाही. आम्ही ती लावली आणि दुहेरी नोंदी चौकशीच्या वेळी प्राथमिक की व लॉगमधील स्थान पाहून गाळतो. हिशेबाच्या तक्त्यांसाठी मात्र हा सौदा मला अजून रुचलेला नाही.

सिंक कनेक्टरचा टाइमझोन सुरुवातीलाच ‘एशिया/कोलकाता’ करावा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवल्यास मध्यरात्रीपासून पहाटे 5:30 पर्यंतच्या नोंदी आदल्या दिवसाच्या फोल्डरमध्ये जातात, आणि रात्रपाळीचा अहवाल मागणारा माणूस आपल्यालाच जाब विचारतो.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. लांबलचक ‘शेरा’ रकाना पोस्टग्रेस मुख्य ओळीबाहेर साठवतो, आणि नोंदीत दुसरेच काही बदलले तर तो मजकूर वॉलमध्ये येतच नाही. त्याच्या जागी डेबेझियम ‘मूल्य उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ठरावीक खूण टाकतो. ‘रेप्लिका आयडेंटिटी फुल’ केल्यास मजकूर मिळतो, पण प्रत्येक बदलाबरोबर आधीची पूर्ण ओळ लिहिली गेल्याने वॉल फुगतो. डिस्कचा अनुभव ताजा असल्याने आम्ही ते टाळले आणि ती खूण दिसली की त्या नोंदीची मागची आवृत्ती शोधून शेरा तिथून उचलणारी चौकशी लिहिली.